एक रुपया वर

मराठी माणूस देणगी देतो आहे की खरेदी करतो आहे, हे लांबून ओळखण्याची एक सोपी खूण आहे. रकमेचा शेवटचा आकडा बघावा. शेवटी एक असेल तर ती देणगी. अकरा, एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. शेवटी नऊ असेल तर ती किंमत. बाटाच्या बुटांनी तर ह्या नऊच्या आकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या प्रेम केलं. थोडक्यात, देताना आपण एक रुपया वर घालतो आणि घेताना एक रुपया खाली उतरवतो. बरं, हा वरचा रुपया साधासुधा नव्हे. तो पाकिटाला बाहेरून चिकटवलेला असतो. आतली शंभराची नोट विसरली तर एक वेळ चालेल, पण तो रुपया चुकता कामा नये. माझी आत्या ह्याचं कारण सांगायची. ती म्हणायची, "अरे, शून्यावर रक्कम संपली की संबंध संपतो. एक वाढवला की पुढे चालू राहतो."

आत्या चौथी शिकलेली होती. पण देणगी आणि खरेदी ह्यांतला फरक तिच्याइतका नेमका मला पुढं कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडला नाही. बँकेत मी पस्तीस वर्षं काढली, तिथंही नाही. खरेदी शून्यावर संपते. पैसे दिले, वस्तू घेतली, पिशवी उचलली, चालू पडलो. दुकानदार आपला कोणी नाही, आपण त्याचे कोणी नाही. देणगीचा एक रुपया मात्र शिल्लक राहतो आणि त्या रुपयाच्या सुतळीनं घेणारा माणूस देणाऱ्याला बांधला जातो.

हे सगळं मला सुचायचं कारण म्हणजे मी विनोदी लेखक आहे. हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस आधी हसतो (माझ्या विनोदाला मिळालेली ही सगळ्यांत खात्रीची दाद) आणि मग विचारतो, "हो का? पण एरवी काय करता?" माझी चार पुस्तकं निघाली आहेत. ह्या चारही पुस्तकांच्या वेळी माझ्या आप्तेष्टांनी, शेजाऱ्यांनी आणि निरनिराळ्या मंडळांनी माझ्यावर जो प्रेमाचा वर्षाव केला, त्याला तोड नाही. शाल दिली, श्रीफळ दिलं, गुच्छ दिला, पेढा भरवला, माझ्याबद्दल चार शब्द बोलता बोलता चाळीस शब्द बोलले. एकच गोष्ट कुणी केली नाही. पुस्तक विकत घेतलं नाही.

बँकेतल्या सवयीनं मी एकदा हिशेब मांडला. पुस्तकाची किंमत अडीचशे रुपये. प्रकाशक मला दहा टक्के देतात, म्हणजे एका प्रतीमागं पंचवीस. बरी शाल चारशेला येते. श्रीफळ चाळीस आणि गुच्छ दीडशे धरला तर एका सत्काराचे झाले पाचशे नव्वद. एवढ्यात मंडळाला दोन प्रती घेता आल्या असत्या आणि वर नव्वद रुपयांचा चहा झाला असता. आता माझ्या बाजूनं बघा. एका शालीचे चारशे रुपये मानधनातून मिळायचे तर सोळा प्रती खपाव्या लागतात. माझ्या कपाटात आजमितीला सतरा शाली आहेत. सतरा सोळे दोनशे बहात्तर. गेल्या सालात माझ्या चारही पुस्तकांच्या मिळून एवढ्या प्रती खपलेल्या नाहीत. म्हणजे लेखक म्हणून मी जेवढा चालतो, त्यापेक्षा शाल ठेवायचा खांदा म्हणून अधिक चालतो!

आमची ही म्हणते, "मिळतंय ना? मग कुरकुर कसली? शाली दिवाळीला कामवाल्या मावशींना होतात." पण हिच्याच थोरल्या बंधूंमुळं माझा हा प्रश्न ऐरणीवर आला. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. चौथं पुस्तक निघालं तेव्हा दादा घरी आले होते.

"काय जावईबापू, नवीन पुस्तक निघालं म्हणे?"

"हो, दादा."

"वा वा! मग कधी देताय?"

"दुकानात आलंय."

"दुकानात?" दादांचा चेहरा असा झाला, की जणू भाचा गुत्त्यात दिसल्याची बातमी मी त्यांना दिली होती. "दुकानात कशाला?"

"विकायला."

"अहो, घरचं पुस्तक आम्ही दुकानातून आणायचं? लोक काय म्हणतील?"

"लेखकाचे मेव्हणे वाचतात, असं म्हणतील."

दादा गंभीर झाले. खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, पैशाची काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा. संकोच करू नका. पाच हजार मी आत्ता देतो. परत नाही दिलेत तरी चालतील."

वाचकहो, पाच हजार! अडीचशे रुपयांची एक प्रत घ्यायला तयार नसलेला माणूस त्याच दमात वीस प्रतींचे पैसे नुसते द्यायला निघाला होता. आणि दादा बाता मारत नव्हते. माणूस खरोखर दिलदार. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला त्यांनी एकवीस हजार एक दिले. त्यांचं नाव तिथं संगमरवरी फरशीवर कोरलेलं आहे. पुस्तक विकत घेणाऱ्याचं नाव कोणी फरशीवर कोरत नाही, हे मान्य. शिवाय नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेला देणगी दिली तर जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्याला आयकरात सवलत मिळते, पुस्तकाच्या बिलावर ती मिळत नाही. मी नोंदणीकृत संस्था नाही. कधी कधी घरी येणारी माणसं पाहून तशी शंका येते, एवढंच.

पण दादांच्या नकाराचं कारण फरशी नव्हे आणि आयकरही नव्हे. पाच हजार देताना दादा उभे असतात आणि मी बसलेला असतो. अडीचशेची प्रत घेताना मात्र क्षणभर आम्ही दोघं एकाच पायरीवर येतो. त्यांच्याकडे पैसे, माझ्याकडे त्यांना हवी असलेली वस्तू. अडचण आहे ती ह्या 'हवी असलेली'मध्ये. देणगी द्यायला आपल्याला काही हवं असावं लागत नाही. विकत घ्यायला हवं असावं लागतं. आणि माझं पुस्तक दादांना नको होतं. मी मात्र त्यांना हवा होतो. आता ह्यात आनंद मानायचा की दुःख, हे अजून ठरायचं आहे.

देणाऱ्याखाली घेणारा दबतो, हे आपल्या जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी त्यावर नामी उपाय काढलेले दिसतात. वासुदेव घ्या. पहाटे दारात येणारा, डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या. तुम्ही त्याच्या झोळीत पसाभर धान्य घातलंत की तो तुमचे आभार मानत बसत नाही. 'दान पावलं' म्हणतो, आणि कोणाकोणाला पावलं त्यांची नावं घेत सुटतो. पंढरपूरच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला, तुळजापूरच्या भवानीला. तुमचं पसाभर धान्य महाराष्ट्रभर पोचवून वासुदेव पुढच्या दाराशी जातो. तुम्ही दिलंत देवाला, त्याला नव्हेच! कीर्तनातही तसंच. बुवांच्या हातावर कोणी पैसे ठेवत नाही. आरतीचं ताट फिरतं, त्यात पैसे पडतात, आणि कोणी किती टाकले हे त्या निरांजनालाच ठाऊक.

ह्याच्या अगदी उलट दौलतजादा. संगीत बारीत पैसे उधळायचे ते नावानिशी. कोणी दिले, किती दिले, हे साऱ्या बैठकीला कळलं पाहिजे. आणि ज्यानं दिले त्याची फर्माईश. चाललेलं गाणं थांबवून त्याला हवं ते म्हणायचं. ढोलकी फडाचा तमाशा मात्र तंबूत, तिकिटावर. तिकीटवाला शिट्ट्या मारील, फेटा उडवील, फार तर वग पडला म्हणून उठून जाईल. पण वगातल्या राजाला 'तू बस, प्रधानाला उभा कर' असं सांगायचा हक्क तिकिटावर छापलेला नसतो. तीच लावणी, तीच ढोलकी. पण एकीकडं पैसे देणारा मालक होतो, दुसरीकडं नुसता प्रेक्षक.

परवा एका कथाकथनाला गेलो होतो. 'प्रवेश मूल्य ऐच्छिक.' दाराशी क्यूआर कोडचा फलक आणि त्याच्याशेजारी तो बोलणारा डबा. कोणी पैसे पाठवले की डबा ठणठणीत आवाजात रक्कम जाहीर करतो. पहिल्या गृहस्थांनी वीस पाठवले. डब्यानं ते सगळ्या जिन्याला ऐकवले. मागच्या बाईंनी एकावन्न. त्यांच्या मागच्यानं, एकावन्न ऐकून, एकशे एक. म्हणजे वासुदेवानं शेकडो वर्षं जपलेली अदब त्या डब्यानं पाच मिनिटांत मोडीत काढली आणि कथाकथनाची दौलतजादा करून टाकली. बाजूच्याच टेबलावर त्या कथाकारांची पुस्तकं मांडली होती. टेबलामागचा मुलगा मोबाईल बघत होता. त्याला दुसरं काम नव्हतं.

देणगीला मी नावं ठेवत नाही. ग्रंथालयं, संशोधन, कोश ही कामं तिच्यावाचून उभी राहत नाहीत. पण देणगीबरोबर एक कमिटी येते, तिची मला धास्ती आहे. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पुढं इंग्रजी अमलात त्या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसं द्यायला काढला आणि त्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. हेतू उत्तमच. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहून ह्या कमिटीकडे दिलं. भिक्षुक भोळ्या शेतकऱ्याला कसा नाडतो, हा नाटकाचा विषय. आणि पैसा कुठला, तर दक्षिणेचा! कमिटीनं नाटक नापसंत केलं, ह्यात आश्चर्य ते काय? दुकानात पुस्तक विकत घेणाराही नापसंत करतो, पण तो आपल्यापुरतं करतो. त्याच्या नापसंतीला कोरम लागत नाही आणि त्याच्या मागचा माणूस तेच पुस्तक खुशाल घेऊन जातो.

श्रीधर व्यंकटेश केतकरांना हे उमगलं असावं. एकट्यानं ज्ञानकोश करायचा हे वेड डोक्यात घेतलेला हा माणूस. दुसरा कोणी असता तर पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरला असता. केतकरांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली! शेअर विकले, वर्गणीदार गोळा केले, आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. 'मदत करा' असं न म्हणता 'भागीदार व्हा, गिऱ्हाईक व्हा' असं महाराष्ट्राला सांगणारा हा पहिला विद्वान असेल. स्वतः केतकर पुढं ओढगस्तीतच गेले, ही गोष्ट वेगळी. कंपनी काढली म्हणून माणूस शेठजी होतो असं नाही.

आणि कधी कधी देणगी आणि खरेदी एकमेकींच्या गळ्यात पडतात, तेही पाहण्यासारखं असतं. श्याम बेनेगलांचा 'मंथन' १९७६ मध्ये आला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. पैसा उभा केला तो गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी, प्रत्येकी दोन रुपये देऊन. झाले दहा लाख. पुढं चित्रपट लागला तेव्हा हीच मंडळी ट्रक भरभरून तो बघायला गेली. तिकीट काढून! विचार करा, हेच आमच्या सोसायटीत घडलं असतं तर? "आम्ही आधी दोन रुपये दिलेत, आमचे पास कुठं आहेत?" ह्यावर मध्यंतरापर्यंत वाद चालला असता. त्या शेतकऱ्यांना मात्र कळलं होतं, की ते दोन रुपये चित्रपट व्हावा म्हणून होते आणि तिकिटाचे पैसे तो बघायला मिळाला म्हणून.

पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई ह्यांनी तर ही गोष्ट उलट्या टोकानं करून दाखवली. लोकांनी तिकिटं काढली, पुस्तकं विकत घेतली, पोट धरून हसले आणि घरी गेले. त्या पैशातून ह्या दोघांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे ठिकठिकाणी देणग्या दिल्या. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, त्यालाही. देणगी द्यायचा मान कधीतरी लेखकाच्याही वाट्याला येतो, पण त्याआधी वाचकानं छापील किंमत मोजलेली असावी लागते.

हे झालं मोठ्यांचं. आता आमच्या सोसायटीतल्या मास्तरांची हकीकत सांगतो.

मास्तर तळमजल्यावर राहतात. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. शेतीतले जुने शब्द जमवायचा त्यांना नाद. नांगराचं रुमणं, कुळवाची पास, तिफणीचं चाडं, जुवाच्या शिवळा, मोटेची धाव आणि थारोळं. ट्रॅक्टर आला, विजेचा पंप आला आणि वस्तूंबरोबर शब्दही अडगळीत गेले. ते मास्तरांनी गावोगाव हिंडून वेचले आणि पदरमोड करून एकशे चौऱ्याऐंशी पानांचं पुस्तक छापलं. तीनशे प्रती, किंमत दीडशे रुपये. साठ गेल्या, दोनशे चाळीस माळ्यावर चढल्या.

गेल्या वर्षी काकू न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करावं लागणार होतं. सोसायटीची तातडीची सभा भरली आणि मास्तरांना मदत करायची असा ठराव एकमतानं झाला. (आमच्या सोसायटीत एकमतानं झालेला हा दुसरा ठराव. पहिला, कबुतरांना दाणे घालू नयेत हा.) घरटी पाचशे एक. चोवीस घरं. बारा हजार चोवीस रुपये पाकिटात घालून, वर रुपया चिकटवून चिटणीस मास्तरांकडे गेले. मीही बरोबर होतो.

मास्तरांनी चहा दिला. पाकीट बघितलं. ते परत चिटणिसांच्या बाजूला सरकवून म्हणाले, "राग मानू नका. अजून तशी वेळ आलेली नाही. पण तुम्हाला माझ्याकडून काही घ्यायचं असेल तर माळ्यावर दोनशे चाळीस प्रती आहेत."

पुन्हा सभा. चिटणिसांनी हिशेब मांडला, की घरटी दहा प्रती घेतल्या तर सगळ्या खपतात. घरटी पंधराशे. ह्यावर जी शांतता पसरली तिचं वर्णन करायला मास्तरांच्या पुस्तकातही शब्द नसेल. मग पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ उठले. "पंधराशे? आणि सवलत किती?"

"सवलत?"

"म्हणजे काय! घाऊक खरेदी आहे. प्रदर्शनात पन्नास टक्के देतात."

आठवडाभरापूर्वी हाच माणूस पाचशेवर एक रुपया आपणहून घालत होता! काम तेच, मास्तर तेच, काकूंचं मोडलेलं हाडही तेच. पण 'खरेदी' हा शब्द निघाला मात्र आणि चोवीस घरांतले चोवीस देणगीदार एका रात्रीत गिऱ्हाइकं झाले. घासाघीस होऊन घरटी चार प्रती, एकशे पंचवीस भावानं, असं ठरलं. मास्तर म्हणाले, चालेल. बारा हजार रुपये झाले. पाकिटातल्या रकमेपेक्षा बरोबर चोवीस रुपये कमी. प्रत्येक घराचा तो वरचा रुपया तेवढा वाचला.

बारा हजारांत खुबा बसत नाही. मास्तरांनी ठेव मोडली आणि ऑपरेशन पार पडलं. शहाण्णव प्रती मात्र सोसायटीभर पसरल्या. एका घरी त्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटल्या गेल्या. एका घरी डुगडुगणाऱ्या फ्रिजखाली एक बसली, अगदी मापात. दिवाळीच्या आवराआवरीनंतर रद्दीवाल्याच्या हातगाडीवर मास्तरांना आपल्या अकरा प्रती दिसल्या, आतमध्ये त्यांच्याच सह्या. किलोच्या भावानं त्यांनी त्या परत घेतल्या. मी जिन्यात होतो; काय बोलावं सुचेना. मास्तरच म्हणाले, "ती देणगीच होती हो. फक्त वजनाला जास्त भरली."

त्या गाडीशी त्या वेळी आणखी एक गिऱ्हाईक उभं होतं, आमच्या फाटकाशी भाजी विकणारे आबा. खटाव तालुक्यातले, पंचाहत्तरीचे. रद्दीतलं पुस्तक त्यांनी सहज चाळलं, आणि मोटेचं चित्र बघून तिथंच थबकले. संध्याकाळी मास्तरांच्या दारात हजर.

"मास्तर, त्ये मोटंचं पुस्तक केवढ्याला?"

"दीडशे."

"शंबर घ्या."

"आबा, वीसची मेथी तुम्ही मला पंधराला देता का?"

"न्हाय."

"मग?"

"मंग एकशेवीस घ्या."

शेवटी एकशे तीसला सौदा तुटला. आबांनी कनवटीच्या नोटा दोनदा मोजल्या, पुस्तक भाजीच्या पाटीत घालून गेले. आठ दिवसांनी परत आले, ते पुस्तकात बोट घालूनच. मी नेमका बाहेरून येत होतो.

"मास्तर, ह्ये चुकलंय."

"काय चुकलंय?"

"सदुसष्ट पान. तुम्ही ल्हिवलंय, नाडा बारीक आन् सोंदूर जाड. उलटं हाय बगा. नाडा जाड आसतोय, मोटंचं समदं वझं त्येच्यावर. सोंदूर बारीक, खालच्या सोंडंला. म्या बाबरं मोट हाकलीया. ह्यो तुमचा बारीक नाडा पयल्याच खेपंला तुटंल आन् मोट जाईल हिरीत!" आबा खरोखर तापले होते. "एकशेतीस रुपयं दिल्यात. दुरुस्त करा न्हाय तर पैसं माघारी द्या."

पुस्तक निघून चार वर्षं झाली होती. मास्तरांना चार सत्कार मिळाले होते, दोन अभिप्राय छापून आले होते, त्यांपैकी एकात 'मौलिक' हा शब्द होता. पण सदुसष्टाव्या पानापर्यंत कोणी पोचल्याची ही पहिलीच खबर. मास्तर आत गेले आणि खडू घेऊन आले. जिन्यासमोरच्या फरशीवर त्यांनी विहीर काढली, मोट काढली, बैल काढले. आबांनी त्यांच्या हातातला खडू घेऊन नाडा जाड केला. मग मोटेचं चाक नेमकं कुठं बसतं ह्यावर जुंपली. वरच्या मजल्यावर जायला मला विहिरीला वळसा घालावा लागला.

तासाभरानं खाली आलो तर माळ्यावरचे गठ्ठे उतरले होते. एकशे चोपन्न प्रती. मास्तर एकेक उघडून सदुसष्टाव्या पानावर पेनानं 'जाड' आणि 'बारीक' ह्यांची अदलाबदल करत होते आणि आबा शेजारी उकिडवे बसून प्रत्येक पान तपासून बाजूला ठेवत होते. आबांची प्रत सगळ्यांत आधी दुरुस्त झाली होती.

आतल्या खोलीतून काकूंनी विचारलं, "मघापासून कोण आलंय हो?"

मास्तर मान वर न करता म्हणाले, "गिऱ्हाईक."